पाहुणे टायर

आल्तो मोरा,
६ मार्च २००८

प्रिय ओलमन,

कॉफी आणि गुळाच्या ढेपा पोचल्या असं पार्सलवाला सांगत होता. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय. फोनवर बोलायचं म्हणजे दुकानात उभं राहून बोलायचं. तिथे पापा रिसीव्हरला कान लावून शेजारी, आणि उरलेलं गाव साखर घ्यायच्या निमित्ताने मागे.

सरळ सांगते. पापांना दिसत नाही.

म्हणजे समोरचं दिसतं. बाजूचं गेलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची. परवा जेवताना कॉफीचा पेला त्यांच्या उजव्या हाताशीच होता, तरी माझ्यावर ओरडले, कॉफी कुठाय म्हणून.

आणि हा माणूस रोज तुझी निळी गाडी बाहेर काढतो! मारिसेलला शाळेत सोडतो, कुणाच्या सासूला दवाखान्यात नेतो. सकाळी बाकीच्यांच्या गाड्या कामाला खाली शहरात जातात, मग दिवसभर या डोंगरावर गाडी म्हणजे निळी आणि ड्रायव्हर म्हणजे आपले पापा, सगळ्यांचे एवेलियोकाका. गेल्या आठवड्यात ओढ्याच्या वळणावर उजवीकडून दुधाचा ट्रक आला. मारिसेल किंचाळली म्हणून थांबले. घरी येऊन पोरगी मला म्हणते, "आई, आता मी रोज पुढेच बसणार. उजवीकडचं मी सांगत जाईन आजोबांना." नऊ वर्षांची आहे रे ती.

मी म्हटलं, पापा, पुरे झाली गाडी. तर म्हणाले, "तीस वर्षं मृत्यूच्या डोंगरावरून लाकडाचा ट्रक नेलाय, धुक्यातून. तेव्हा कुणाला काय दिसत होतं?" घ्या! लायसनच्या डॉक्टरकडे तर अक्षरांचा तक्ता पाठ करून गेले होते. चावी लपवावी तर म्हणतात, "गाडी ओलमनची आहे, तुझी नाही. तो आला की काय चालवेल?" मला चालवता येत नाही. शिकवलं तेव्हा मी गटारात घातली होती, ते तुला आठवतच असेल. तूच तर हसला होतास. आणि नवरा माझा पामतेलाच्या मळ्यात, महिन्याने घरी येणारा.

आता एकच आशा. गाडीचा नंबर चारवर संपतो, म्हणजे एप्रिलात तिची वर्षाची सरकारी तपासणी. निळी मारिसेलपेक्षा म्हातारी, टायर गुळगुळीत, हँडब्रेक म्हणजे मागच्या चाकाखालचा दगड. या वर्षी ती नापास होऊ दे. मग रस्त्यावर आणली तर पोलिस नंबरप्लेट काढून नेतात. "नको" म्हणणारी मी नाही, तू नाही, सरकार. तू दुरुस्तीला काही पाठवू नकोस, त्यांनी मागितलं तरी. देवमाईला मी मेणबत्ती लावली आहे, गाडी नापास व्हावी म्हणून. फादरना सांगितलेलं नाही.

तुझी ताई,
हान्निया

बाउंड ब्रुक, न्यू जर्सी,
३० मार्च २००८

प्रिय ताई,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मारिसेलला पुढे बसवू नकोस. मागेही बसवू नकोस.

पण मेणबत्ती तुझी वाया जाणार, हे आधी सांगतो. तू नापास व्हायची वाट बघतेस ती निळीची, आणि निळी एकटी कधी तपासणीला गेलीये का? रिगोच्या माळ्यावरचे पाहुणे टायर विसरलीस? ते चार टायर कुणाच्याच गाडीचे नाहीत. तपासणीला जाऊन येतात आणि परत कॉफीच्या पोत्यांमागे जाऊन बसतात, आठ वर्षं झाली तरी नवे. आपल्याकडे लोक गाडी घेताना इंजिन बघत नाहीत, रिगोचे टायर बसतील का ते बघतात. मीही तेच बघितलं होतं. शिवाय वॉल्टरच्या गॅरेजातला तो धूर गाळायचा डबा, जो आख्ख्या डोंगराच्या गाड्यांना आळीपाळीने लागतो. मी होतो तोवर निळी दर वर्षी पहिल्या फेरीत पास. आणि मी छाती फुगवून सांगायचो, गाडी असावी तर अशी!

तेव्हा रिगोकडे जा, वॉल्टरकडे जा. स्पष्ट सांग, काकांच्या जिवाचा प्रश्न आहे, या वर्षी काही द्यायचं नाही. आपली माणसं आहेत, समजतील.

पापांशी मी बोलायला हवं, हे मला कळतं. गाडी माझी आहे. पण रविवारी फोनवर ते निळीचंच सांगत असतात, किती गुणी आहे म्हणून. मध्ये शब्द घालायला फट मिळत नाही. इथे अजून बर्फ आहे. फावड्याने पाठ गेली.

तुझा,
ओलमन

आल्तो मोरा,
२७ एप्रिल २००८

ओलमन,

निळी पास झाली. पहिल्या फेरीत.

तू म्हणालास तशी मी दोघांकडे गेले. रिगोने टोपी काढली, म्हणाला, "पोरी, पटलं. काकांच्या जिवापुढे टायर कसले? माळ्यावरून खाली येणार नाहीत, शब्द." वॉल्टर म्हणाला, "मी कशाला हात लावतोय, ताई?" मी निर्धास्त घरी आले.

तपासणीच्या सकाळी दार उघडते तर निळी अंगणात पाहुण्या टायरांवर उभी! धुतलेली, पुसलेली. रिगो बाजूला, नजर बुटांवर.

मी म्हटलं, "शब्द दिला होतास ना रे?"

"दिला होता गं. पण काका काल दारावरून गेले आणि काही बोललेच नाहीत. दर वर्षी म्हणतात, रिगो, पाहुण्यांना उठव. मागितले असते तर तोंडावर नाही म्हटलं असतं, आईशपथ. मागितलेच नाहीत. मग मला झोप येईना. माझी जुळी पोरं याच गाडीत झाली, हान्निया. अर्ध्या रस्त्यात, मागच्या सीटवर. मी काय म्हणून टायर दाबून ठेवू?"

वॉल्टरने डबा लावला तो लावलाच, वर म्हणतो, "हेडलाइटची वायर सुटली होती, तेवढी जोडली. दोन मिनिटांचं काम, त्याला काय दुरुस्ती म्हणायचं?"

म्हातारा बघ किती पोचलेला! न मागता सगळं पदरात पाडून घेतलं. तपासणी केंद्रात खड्ड्यात उतरून गाडी खालून बघणारा मुलगा त्यांना म्हणाला म्हणे, "आजोबा, या वयाची गाडी इतकी नीट कुणी ठेवत नाही." काचेवर नवं स्टिकर चिकटलं. रिगोकडे डुक्कर तळलं, गिटार निघाली. पापा कोपऱ्यात ताट मांडीवर घेऊन बसून होते, घास काही घेतला नाही. थकले असतील. दिवस मावळायच्या आत टायर माळ्यावर, डबा गॅरेजात, आणि दुसऱ्या दिवशी पापा जुन्या टायरांवर शहरात. ये रे माझ्या मागल्या!

रागावू तरी कुणावर? सगळे आपल्याच भल्याचं करतायत. आता तूच बोल त्यांच्याशी. तू सोडून कुणाचं ऐकणार नाहीत.

हान्निया

बाउंड ब्रुक,
१५ जून २००८

ताई,

बोललो. म्हणजे बोलायला गेलो.

आधी मनाशी सगळं घोकलं. मग म्हटलं, पापा, निळीबद्दल बोलायचंय. पापा म्हणाले, "बोल की. आणि ऐक, सीट मी मागेच ठेवली आहे, तुझ्या पायांच्या मापाला. मी पाठीशी दोन उशा घेऊन बसतो. उगाच हलवली तर सवय मोडते तिची." मग एकदम विचारलं, "कधी येतोस?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "डिसेंबरात."

का म्हणालो, मला विचारू नकोस. तुला ठाऊक आहे की माझ्याकडे इथे राहायचे कागद नाहीत. एकदा इथून बाहेर पडलो की परत आत पाय ठेवता येणार नाही. पापांनाही ते ठाऊक आहे, पण ते कधी तो विषय काढत नाहीत आणि मीही काढत नाही. मागे दुकानातली माणसं ओरडायला लागली, "ओलमन येतोय! ओलमन येतोय!" आता परत कसं घेऊ? पापा म्हणाले, "मग मी विमानतळावर घ्यायला येतो. तोवर निळी कुणाच्या हातात देणार नाही."

विमानतळाची वाट त्याच मृत्यूच्या डोंगरावरून, डिसेंबरच्या धुक्यात, दोन उशा लावून. मी त्यांना थांबवायला फोन केला होता, ताई! मला काही सुचत नाही. तू काहीतरी कर.

ओलमन

आल्तो मोरा,
२ ऑक्टोबर २००८

ओलमन,

दुकानातून तुला फोन येऊन काय काय कळलं असेल, देव जाणे. खरं ते हे.

पाऊस होता, वर धुकं. शाळेच्या खालच्या उतारावर रिगो रस्त्याच्या उजव्या कडेने चालला होता, खांद्यावर पोतं. पापांना तो दिसलाच नाही. धडक बसल्यावर ब्रेक दाबला आणि निळी घसरत कुंपणात गेली. रिगोचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. जीव वाचला, देवमाईची कृपा. गाडीत मारिसेल नव्हती. असती तर तिने सांगितलं असतं, असा विचार माझ्या मनात आला आणि माझीच मला किळस आली.

पोलिस आला. काचेवरचं स्टिकर बघितलं, म्हणाला, "तपासणी वेळेवर झालेली आहे." लिहिलं काय? धुकं. रिगो रस्त्यावर पडल्या पडल्या ओरडत होता, "काकांची चूक नाही! मीच मध्ये आलो!" आणि इस्पितळात भेटायला गेले तर माझा हात धरून रडायला लागला. वेदनेने नाही. म्हणतो, "हान्निया, पाप माझं आहे. पाहुणे टायर मी काढून घेतले. ते असते तर गाडी जागच्या जागी थांबली असती."

अरे, टायरांना दिसतं का? मी म्हटलं त्याला, काकांना तू दिसलाच नाहीस. तर मान हलवतो, "टायर, हान्निया, टायर." आता सगळं गाव तेच म्हणतंय. टायर.

पापा घरातून बाहेर पडलेले नाहीत. गाडी कुंपणातून काढून वॉल्टरने अंगणात आणून लावली आहे.

हान्निया

आल्तो मोरा,
१६ नोव्हेंबर २००८

ओलमन, बाळा,

हात हान्नियाचा आहे, बोलणं माझं. मी लिहायला बसलो तर ओळ कागदाच्या बाहेर जाते. तिला सांगितलंय, बोलेन ते लिही, मध्ये शहाणपण करू नकोस.

मला दिसत नाही हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. बंद करतो असं म्हणायला पाहिजे होतं, पण म्हणता येईना. ज्याला त्याला कुठे ना कुठे जायचं असतं. दारात येऊन म्हणतात, काका, चला ना. मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. आणि गाडी तुझी. ती बंद केली म्हणजे तू येणार नाहीस असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं.

मग मी मनाशी म्हटलं, तपासणीवाले म्हणतील. त्यांचं कामच आहे ते. म्हणून या एप्रिलात मी रिगोकडे टायर मागितले नाहीत. दारावरून मुद्दाम गप्प गेलो. हेडलाइटची वायरही मीच ओढून ठेवली होती. आत घरात कॉफी प्यायला गेलो, तेवढ्यात त्या वॉल्टरने जोडली! खड्ड्यातल्या पोराकडे मी बघत होतो, म्हटलं आता वर येईल आणि म्हणेल, आजोबा, नाही. त्याने माझी पाठ थोपटली. त्या दिवशी रिगोकडचं डुक्कर माझ्या घशाखाली उतरलं नाही.

(पापा डोळ्यांत थेंब घालायला उठलेत. ओलमन, मला हे काही माहीत नव्हतं. मी त्यांना पोचलेला म्हातारा म्हटलं होतं. आपण तिघं एकाच गोष्टीसाठी नवस करत होतो.)

मला नापास होऊ दिलं नाही कुणी. आणि रिगोचा पाय गेला. तो लंगडत येतो, माझीच माफी मागतो. मी त्याला काय सांगू?

आता तू मला एक सांग. डिसेंबरात येतोयस का? येत असशील तर धुकं असो की काय असो, मी न्यायला येणार, वॉल्टरला शेजारी बसवीन. येत नसशील तर तसं सांग. सरळ सांग. मला राग येणार नाही. गाडी मग विकून टाकू.

तुझा बाप,
एवेलियो

बाउंड ब्रुक,
७ डिसेंबर २००८

पापा,

येत नाही. या डिसेंबरात नाही. पुढच्याही नाही. कधी ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं म्हणालो तर ते खोटं असेल.

मला यायचंय, पापा. देवाशपथ यायचंय. इथे बर्फ पडला की मला आपल्या अंगणातल्या धुक्याची आठवण येते. पण नाही येता येणार.

निळी विका. सीट पुढे घ्या, घेणाऱ्याला बसून बघता आलं पाहिजे. गाडी माझ्या नावावर आहे, त्यामुळे आपल्या देशाच्या वकिलातीत जाऊन विक्रीच्या सहीचा कागद मी पाठवतो. चावी ताईकडे द्या. ताई, घे त्यांच्याकडून.

रिगोला सांगा की चूक टायरांची नव्हती.

तुमचा मुलगा,
ओलमन

आल्तो मोरा,
१९ एप्रिल २००९

प्रिय ओलमन,

तुझा कागद आला नाही. जानेवारीत वाट बघितली, फेब्रुवारीत बघितली. पार्सलवाला म्हणाला की तू दोनदा वकिलातीच्या दारापर्यंत जाऊन परत आलास. खरं का? मी काही म्हणत नाही. तुझं पत्र मी पापांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त "बरं" म्हटलं, आणि सीट मात्र पुढे घेतली नाही.

एप्रिल आला. पापा म्हणाले, "निळीला एकदा तिच्या तिच्या पायांवर जाऊ दे. काय निकाल लागायचा तो लागू दे." त्यांनी दुकानात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, कुणी काही द्यायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी रात्रभर अंगणात खुर्ची टाकून बसले, ओलमन, गाडीची राखण करत! गाडीला कुणी नीट करू नये म्हणून!

वॉल्टरने चालवली. त्याला सीट पुढे ओढावी लागली, पापांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मीही गेले. आणि देवा, काय नापास झाली! टायर नापास, ब्रेक नापास, धूर नापास, दिवा नापास. तपासणीचा मुलगा एकेक वाचत होता आणि पापा म्हणत होते, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचलं. पापांचा चेहरा मी किती दिवसांनी असा बघितला. येताना म्हणाले, "हान्निया, आज मी झोपणार." घरी येऊन भात-घेवडा दोनदा मागून घेतला आणि खरंच झोपले. मीही झोपले. पहारा कशाला आता?

आज सकाळी दार उघडलं.

निळी चार पाहुण्या टायरांवर उभी होती. नवे ब्रेक, नवा दिवा, डबा बसवलेला. फेरतपासणीला महिन्याची मुदत असते ना, ती मी विसरले होते. गाव विसरलं नव्हतं. अंगणात सगळे उभे, दुकानवाली, शाळेच्या बाई, हातपाय काळे झालेला वॉल्टर. रिगो कुबडीवर पुढे आला. म्हणाला, "काका, हे टायर आता माळ्यावर जाणार नाहीत. तुमचे झाले. कायमचे. माझा पाय गेला तो गेला, पण दुसऱ्या कुणाचा जाऊ देणार नाही मी."

मी ओरडले रे. गळा फाटेस्तोवर ओरडले, त्यांना दिसत नाही, दिसत नाही! रिगो मला शांतपणे म्हणाला, "म्हणून तर चांगले टायर पाहिजेत, पोरी." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. वॉल्टर चालवेल, मी म्हटलं. वॉल्टर मे महिन्यात किनाऱ्यावर कामाला चाललाय.

पापा बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायर हातांनी चाचपले. मला वाटलं, आता म्हणतील. ओलमन, मी मनात म्हणत होते, म्हणा पापा, एकदा म्हणा, नाही. रिगोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग पापा म्हणाले, "देव तुमचं भलं करो."

आता ते आत टोपी शोधतायत. खुंटीवर डाव्या बाजूला आहे, त्यांना दिसत नाहीये. बाहेर रिगो हाका मारतोय, "एवेलियोकाका, चला, तपासणीच्या लायनीत पहिला नंबर मिळेल!" आणि पापा म्हणतायत, "आलो, आलो."

चावी माझ्या मुठीत आहे. एका हाताने लिहितेय. ते दारात येतील, हात पुढे करतील, आणि काही बोलणार नाहीत.

मी देणार, ओलमन. मला माहीत आहे, मी देणार.

हान्निया